चुकीच्या अंगणातली मोळी

खारबाव स्टेशनवरून डोंगराकडे जाणारी वाट धरली की शेवटी एक वारली पाडा लागतो. दर रविवारी सकाळी सुचेताबाई भिवंडीहून रिक्षाने खारबावपर्यंत येत आणि पुढे चालत पाड्यावर जात. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण मुलं समोर बसली नाहीत तर आठवडा सुना वाटे. पाड्यावर दोनचार घरं ख्रिस्ती होती, बाकीची आपल्या जुन्या देवांना मानणारी. वर्ग भरे चिंचेखाली, आणि तिथे सगळ्याच घरांतली पोरं येत. गाणी असत, गोष्ट असे, आणि शेवटी बाईंच्या पिशवीतून चिक्की निघे. ती कोणत्या देवाची असं कोणी विचारत नसे.

त्या रविवारी बाईंनी वधस्तंभाचा धडा घ्यायचं ठरवलं होतं. जगातल्या शहाण्या माणसांना ही गोष्ट वेडेपणाची वाटते, हे त्यांना मुलांना सांगायचं होतं. धडा अवघड होता, म्हणून त्यांनी एक चित्र आणलं होतं. चित्रात येशू खांद्यावर जड लाकूड घेऊन वाकून चालला होता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उभे होते.

बाई तोंड उघडणार इतक्यात पुढच्या ओळीतल्या सखीने हात वर केला.

"बाई, ह्यानं काय केलं?"

"म्हणजे?"

"चूक काय केली ह्यानं? मोळी घेऊन चाललाय ना."

"मोळी कुठं गं, एकच लाकूड हाय," मागून एक मुलगा म्हणाला.

"मोठी चूक असंल, म्हणून मोठं लाकूड," दुसऱ्याने सांगितलं आणि सगळी हसली.

बाई हसल्या नाहीत. इतकी वर्षं त्यांनी हे चित्र शहरातल्या मुलांना दाखवलं होतं, पण हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. आणि या पाड्यावर तो सगळ्यात आधी यायला हवा होता, हेही त्यांच्या लगेच लक्षात आलं.

कारण पाड्याची एक रीत आहे. दोन घरांत बिनसलं आणि चूक कोणाची ते कळलं, की ज्याची चूक त्याने सुक्या लाकडांची मोळी बांधायची आणि ती स्वतःच्या खांद्यावर घेऊन दिवसाउजेडी, पाड्याच्या मधल्या वाटेने, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या अंगणात न्यायची. सोबत आपल्या घरचे तांदूळ. अंगणात मोळी टाकून म्हणायचं, 'चुकलं. विस्तव दे.' मग त्या घरच्या माणसाने आपल्या चुलीतला निखारा द्यायचा. त्या विस्तवावर, त्या लाकडांवर भात शिजतो, सगळा पाडा घास घास खातो, आणि त्यानंतर ती गोष्ट कोणी तोंडातून काढत नाही. मात्र मोळी येईपर्यंत चूक करणाऱ्याच्या घरचं अन्न बंद. त्या घरात कोणी जेवत नाही आणि त्या घरची माणसं दुसऱ्याकडे जेवत नाहीत.

"ह्याची चूक काहीच नव्हती," बाई म्हणाल्या.

"मग कोणाची?"

"जे बाजूला उभे आहेत त्यांची. आपली."

"मग त्यांनी न्यायाची ना! ह्यानं कशाला नेली?" सखीचा आवाज चढला. तिला हे अजिबात पटलेलं नव्हतं. "बाई, तुमी चित्र उलटं आणलंय."

"चित्र बरोबर आहे. त्या दिवशीही सगळे असंच म्हणाले. जे शहाणे होते ते तर सगळ्यात मोठ्याने हसले."

तेव्हा चंद्रा बोलली. ती इतरांपासून थोडी लांब, चिंचेच्या मुळावर बसली होती. महिनाभर ती तिथेच बसत होती.

"बाई," ती म्हणाली, "तो कोणाच्या अंगणात चाललाय?"

बाईंनी हातातलं चित्र तिच्याकडे वळवलं. "ज्याला स्वतःला आणता येत नाही, त्याच्या."

चंद्राने मान खाली घातली आणि चपलेने माती उकरायला लागली. पाड्यावरच्या प्रत्येक पोराला माहीत होतं की चंद्राचा बाप मोळी नेत नाही.

वर्गावर सावलीसाठी बांधलेल्या ताडपत्रीचं एक टोक सुटलं होतं. ते बांधायला सखीचा बाप शैलेश झाडावर चढला होता. गाठ मारून झाली तरी तो बराच वेळ वरच बसून राहिला.

घडलं होतं ते असं. शैलेश आणि चंद्राचा बाप हिरामण, दोघे चुलतभाऊ. दोघे भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या एका गोडाऊनमध्ये कामाला. शैलेश फोर्कलिफ्ट चालवायचा, हिरामण माल उतरवायचा. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत हिरामणने कोणाला न विचारता फोर्कलिफ्ट सुरू केली. शिकायची हौस, दुसरं काही नाही. ती जाऊन रॅकवर आदळली आणि टीव्हीचे खोके वरून खाली आले. माणसं धावली तेव्हा हिरामण गाडीवरून उतरून उभा होता. कोणी केलं म्हणून विचारल्यावर त्याच्या तोंडून निघालं, "शैलेश चालवत होता." आणि एकदा निघालेला शब्द त्याने मागे घेतला नाही.

शैलेशला त्याच दिवशी कामावरून काढलं. त्याने शपथा घेतल्या, पण उपयोग झाला नाही. पुढचे काही आठवडे त्याच्या घराने कसे काढले ते त्याची बायको सुवर्णाच सांगू जाणे. विहिरीवर ती गेली की बाया बोलणं थांबवत. सखीला पोरं 'खोटारड्याची पोर' म्हणत. "प्रार्थनेला जातो आन खोटं बोलतो," असं पाड्यावर उघड म्हटलं गेलं. मग गोडाऊनच्या मोठ्या साहेबाने कॅमेऱ्यातलं चित्र मागवलं आणि त्यात गाडीवर हिरामण स्पष्ट दिसला. शैलेशला परत बोलावलं, हिरामणला काढलं.

आता सगळं सरळ होतं. हिरामणने मोळी आणायची होती. पण हिरामण घरातून बाहेरच येईना. शेवटी त्याने कर्जतकडच्या एका वीटभट्टीच्या मुकादमाला शब्द दिला. पुढच्या रविवारी टेम्पो येणार होता. बायको हौसा आणि चंद्रा, दोघींना घेऊन तो जाणार होता. भट्टीवर गेलेली पोर पावसाळ्यापर्यंत शाळेचं तोंड बघत नाही, आणि एकदा सुटलेली शाळा फार थोड्यांना पुन्हा सापडते. एरवी भट्टीवर जाणारे लोक पोरांना भाऊबंदांकडे ठेवून जात. पण ज्या घराचं अन्न बंद, त्या घरची पोर कोणाच्या ताटात जेवणार?

वर्ग सुटल्यावर शैलेश नेहमीप्रमाणे बाईंना स्टेशनपर्यंत सोडायला निघाला. भाताची कापणी उरकली होती. बांधाने चालताना तो मध्येच म्हणाला,

"बाई, मी नेली तर?"

"काय?"

"मोळी. हिरामणच्या अंगणात."

बाई थांबल्या. तासाभरापूर्वीच त्यांनी मुलांना तो धडा दिला होता. तरीही त्यांच्या तोंडून पहिल्यांदा आलं ते, "नको रे बाबा. लोक काय समजतील? तुझं खोटं होतं असंच म्हणतील. आत्ता कुठे नाव धुऊन निघालंय."

"व्हय, तसंच म्हणतील."

"आणि सुवर्णा?"

"ती तर घरातच घेणार न्हाय." तो हसला. मग म्हणाला, "तुमी मघाशी पोरांना सांगितलंत ते खरं हाय ना बाई?"

बाईंनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "खरं आहे," त्या म्हणाल्या. "खरं आहे म्हणूनच मी घाबरले." मग जरा वेळाने, "मी तुला कर म्हणणार नाही, शैलेश. नको म्हणाले तेही मागे घेते. तू आणि सुवर्णा ठरवा."

सोमवारी गोडाऊनमध्ये जेवायला बसल्यावर शैलेशने ही गोष्ट सुपरवायझर केसरीनाथला सांगितली. केसरीनाथ कशेळीचा, मनाने चांगला. शैलेशला परत घ्यावं म्हणून साहेबाच्या मागे लागणारा तोच होता. त्याचा घास हातात राहिला.

"शैल्या, तुला बरं नाय का? तुझी बाजू कॅमेऱ्यात हाय. कॅमेऱ्यात! एवढा पुरावा कोर्टातसुद्धा मिळत नाय. आणि तू लाकडं घेऊन त्याच्या दारात जाणार?"

"त्याला येता येत न्हाय दादा."

"येता येत नाय म्हणजे? पाय मोडलेत काय? माज हाय तो. हे बघ, आता तू वर, तो खाली. वरचा माणूस कधी आपणहून खाली उतरतो काय? उद्या इथली पोरं म्हणतील, शैलेशच्या नावावर काहीपण खपवा, तो वर लाकडं पण आणून देतो."

आजूबाजूचे हसले. शैलेशही हसला. केसरीनाथचं बोलणं चुकीचं आहे असं त्याला एकाही शब्दाबद्दल म्हणता येईना. दुपारभर तो माल हलवत राहिला. डोळ्यांसमोर येत राहिली ती एकच गोष्ट, चिंचेच्या मुळावर बसलेल्या पोरीची खाली घातलेली मान.

घरी सुवर्णाने ऐकून घेतलं आणि भाकरी थापत राहिली.

"तुला मोळी न्यायाची तर ने," ती शेवटी म्हणाली. "खांदा तुझा हाय. पण तांदूळ माझ्या घरातून जाणार न्हाय."

"सुवर्णा..."

"काय सुवर्णा? तू घरात बसला होतास. विहिरीवर मी जात होते. माझ्या पोरीनं दोन वेळा भांडून फ्रॉक फाडून आणला. तवा हौसा तिच्या ओट्यावर बसून बघत होती. तिला माहीत होतं. नवरा रात्री झोपत न्हाय हे बायकोला कळत न्हाय काय? एक शब्द बोलली न्हाय."

शैलेशने तिच्या हातातली परात घेतली आणि पीठ मळायला बसला. ती म्हणाली, "पाणी कमी घाल," आणि विषय तिथेच राहिला.

पुढच्या रविवारी सुचेताबाई नेहमीपेक्षा लवकर निघाल्या. कशेळीकडून येणाऱ्या ट्रकांनी भिवंडीचा रस्ता तुंबवला होता, तरी त्या पाड्यावर पोचल्या तेव्हा ऊन कोवळंच होतं. चिंचेखाली कोणी नव्हतं. मुलं मधल्या वाटेच्या कडेला उभी होती, आणि त्यांच्या मागे मोठी माणसं.

शैलेश येत होता. खांद्यावर ऐनाच्या सुक्या लाकडांची मोळी होती, मोठी, दोन माणसांनी उचलावी अशी. चालताना तिचा एक टोकदार दांडा त्याच्या मानेला घासत होता. त्याने धुतलेला सदरा घातला होता.

"वाट चुकला काय रे?" पाड्याचे म्हातारे पुढारी पंढरीबाबा मध्ये येऊन उभे राहिले. "तुझं अंगण मागं राहिलं. मोळी तिकडं यायाची हाय, तिकडून जायाची न्हाय."

"वाट बरोबर हाय बाबा."

"म्हणजे चूक तुझी होती?"

शैलेशने मान हलवली. "न्हाय. चूक माझी न्हाय. मी खोटं बोलणार न्हाय."

"मग ही कशाची?"

"त्याची. त्याला उचलत न्हाय, म्हणून मी आणली."

पंढरीबाबा रागावले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, कारण त्यांना खरंच काळजी होती. "पोरा, ही रीत आमच्या बापजाद्यांनी बांधली. उद्या कोणीपण खोटं बोलंल आन घरात बसून म्हणंल, आणंल कोणीतरी मोळी. मग पाडा चालंल कसा?"

"मी रीत मोडत न्हाय बाबा. मोळी गेली पाहिजे असं रीत म्हणते. ती चाललीय. फुकट सुटका म्हणत असतो तर हात हलवत गेलो असतो." त्याने खांदा सावरला. "जड हाय बाबा. जाऊ द्या."

पंढरीबाबा बाजूला झाले. पटलं म्हणून नव्हे, मोळी खरंच जड दिसत होती म्हणून.

हिरामणच्या दारात टेम्पो उभा होता. मुकादम बॉनेटला टेकून तंबाखू मळत होता. त्याच्याजवळ खालच्या वस्तीतल्या दोन बाया होत्या.

"ह्याने काय केलं?" मुकादमाने विचारलं.

"म्हणजे खोटं ह्याचंच होतं तर," एक बाई दुसरीला म्हणाली. "कॅमेरा काय, पैसे दिले की काहीबी दाखवतो."

ते शैलेशच्या कानावर पडलं. सुचेताबाईंच्याही. शैलेशचे कान लाल झाले, पण पाऊल थांबलं नाही. अंगणात येऊन त्याने मोळी उतरवली आणि दाराकडे बघून म्हणाला, "हिरामण, विस्तव दे."

'चुकलं' हा शब्द त्याने उच्चारला नाही. सगळ्यांनी ते टिपलं.

हिरामण दारात आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. त्याने मोळीकडे पाहिलं, मग वाटेवर जमलेल्या माणसांकडे.

"मला लाजवायला आलास?"

"न्हाय."

"मग? सगळा पाडा गोळा करून आलास. मोठा देवमाणूस! उचल ती. उचल आन चालता हो!"

"विस्तव दे, हिरामण."

हिरामणने पायरीवरून उडी मारली आणि मोळीला लाथ घातली. दोर तुटला. लाकडं अंगणभर पसरली, एक तर टेम्पोच्या चाकाखाली गेलं. कोणीतरी "आता बघा" म्हणालं. शैलेश वाकला आणि एकेक लाकूड गोळा करायला लागला. चाकाखालचं काढताना त्याला गुडघ्यावर बसावं लागलं. सगळी पुन्हा एका जागी रचून तो त्यांच्याशेजारी जमिनीवर बसला.

"मी बसतो," तो म्हणाला. "तुला वाटंल तवा दे."

मुकादमाने घड्याळ बघितलं. "अरे, चढवा सामान. मला अजून दोन पाड्यांवर जायचंय."

कोणी हललं नाही. हौसा दाराच्या आत पोतं धरून उभी होती, भांडी बांधलेलं. चंद्रा तिच्या मागे लपली होती.

तेव्हा वाटेवरची माणसं बाजूला सरली आणि सुवर्णा आली. तिच्या कमरेवर सूप होतं आणि सुपात तांदूळ. तिने कोणाकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडेसुद्धा नाही. तिचा चेहरा अजून रागीटच होता.

"हौसा," ती म्हणाली, "पातेलं हाय का बाहेर? का सगळी बांधलीस?"

हौसाच्या हातातलं पोतं खाली आलं. ती तिथेच बसली आणि गाठ सोडायला लागली. गाठ सुटेना. सुवर्णा सूप ठेवून पुढे झाली, दातांनी गाठ ओढली आणि पोत्यातून मोठं पातेलं बाहेर काढलं. हौसाच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

हिरामण हे सगळं बघत होता. त्याचा राग कुठेतरी अडकल्यासारखा झाला होता. तो शैलेशकडे न बघता म्हणाला, "विस्तव न्हाय माझ्याकडं."

"म्हणजे?"

"जायाचं म्हणून सकाळी चूल विझवली. पाणी ओतलंय."

मुकादमाने खिशातून काडीपेटी काढून पुढे केली. "हे घ्या. लवकर उरका."

"काडीपेटी चालत न्हाय," पंढरीबाबा म्हणाले. "घरचा विस्तव लागतो."

"मग ह्याच्या घरात चूल न्हाय तर..." मुकादम म्हणाला.

"मग दुसऱ्या घरातून मागून आणायाचा. आन तो आणायाचा तर ह्यानंच."

सगळे हिरामणकडे बघायला लागले. सुचेताबाईंना वाटलं, हा आता टेम्पोत जाऊन बसणार. तसं झालं असतं तर त्यांना नवल वाटलं नसतं, कारण आणायला जायचं म्हणजे त्याच मधल्या वाटेने, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जायचं. जे टाळायला तो महिनाभर घरात लपला होता, तेच.

हिरामणने चुलीजवळचं एक फुटकं खापर उचललं आणि तो निघाला.

शेजारचं घर आलं. तो थांबला नाही. पुढचं आलं. तिथली म्हातारी निखारा द्यायला चिमटा घेऊन उभीच होती. तिथेही तो थांबला नाही. मुलं त्याच्या मागे चालायला लागली आणि मुलांच्या मागे सुचेताबाई. हिरामण सरळ शैलेशच्या अंगणात गेला.

घरात मोठं कोणी नव्हतं. आईने चुलीवर ठेवलेल्या दुधाकडे बघायला सखीला मागे ठेवलं होतं. काकाला दारात बघून ती उठून उभी राहिली. हा तोच माणूस, ज्याच्यामुळे तिला पोरं नावं ठेवत होती. तिने फुंकणी घट्ट धरली.

हिरामण त्या पोरीसमोर उकिडवा बसला, खापर पुढे केलं आणि म्हणाला, "सखी, चुकलं माझं. तुझ्या बापावर मी खोटं घातलं. विस्तव दे."

आवाज मोठा नव्हता, पण दारात जमलेल्या सगळ्यांना ऐकू गेला.

सखीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी काही सांगितलं नाही, मानही हलवली नाही. हे उत्तर तिचं तिनेच द्यायचं होतं. सखी चुलीपाशी बसली. दूध उतू जायला आलं होतं, ते आधी तिने उतरवलं. मग चिमट्याने एक मोठा लाल निखारा निवडला, खापरात ठेवला आणि वर थोडी राख घातली.

"काका, फुंकर मारत जा," ती म्हणाली. "न्हायतर विझंल."

हिरामण फुंकर मारत मारत परत आला. शैलेश अजून लाकडांशेजारी बसलेला होता. दोघांनी मिळून जाळ केला. एकमेकांना मिठी वगैरे काही मारली नाही. एक फुंकायचा, दुसरा काटक्या सरकवायचा, आणि धूर दोघांच्याही डोळ्यांत जात होता.

भात शिजला. सगळ्यांनी घास घास खाल्ला. खालच्या वस्तीतल्या त्या बायांनीही खाल्ला. मुकादमाला पंढरीबाबांनी आग्रह करून पळसाच्या पानावर वाढलं आणि मग तो घड्याळ बघायचा विसरला.

"आज मी जे बघितलं ते बरोबर हाय का चूक ते मला अजून कळलं न्हाय," पंढरीबाबा सुचेताबाईंना म्हणाले. "पण ह्या हिऱ्याला आमी महिनाभर बाहेर काढत होतो. आमच्या कोणाच्या शब्दानं निघाला न्हाय."

"मलाही आजच नीट कळलं, बाबा," बाई म्हणाल्या. "शिकवत मात्र बरीच वर्षं होते."

टेम्पो निघायची वेळ झाली. हिरामणने मुकादमाला शब्द दिला होता आणि गोडाऊनमध्ये त्याला परत कोणी घेणार नव्हतं, हे एका जेवणाने बदलणारं नव्हतं. तो आणि हौसा टेम्पोत चढले. पण चंद्रा चढली नाही. हौसाने पोत्यातून तिचं दप्तर काढून सुवर्णाच्या हातात दिलं.

"ती भात कमी खाते," हौसा म्हणाली. "आमटी मागते सारखी."

"बघते मी."

"रात्री झोपेत बडबडते. भिऊ नका."

"आमची पण बडबडते. बडबडतील दोघी." सुवर्णा जरा थांबली. "हौसा, मी सगळं विसरले असं न्हाय हां."

"माहीत हाय मला."

"पण पोरीची काळजी करू नको."

"होळीला येतो," हिरामण शैलेशला म्हणाला.

"ये. आधी आलास तरी ये."

टेम्पो धुरळा उडवत वळणावरून गेला. चंद्रा वाटेच्या मधोमध उभी होती. तिला रडू येत होतं आणि ते इतक्या लोकांसमोर आवरत नव्हतं. सखी शेजारी जाऊन उभी राहिली.

सुवर्णाने रिकामं सूप झटकून काखेत मारलं आणि घरून दोन कळश्या आणल्या.

"चंद्रे," तिने हाक मारली, "उभी काय राहिलीस? पाणी आणायचं हाय. ही धाकटी कळशी तू घे, आन सखीला मोठी दे, ती लई बोलते. या, माझ्या पुढं चाला दोघी."

चंद्राने नाक पुसलं, कळशी कमरेवर घेतली आणि विहिरीच्या वाटेला लागली.